सातव्या वर्षी दातांची तपासणी: उपचार कधी करावा आणि कधी थांबावे

मूल साधारण सहा वर्षांचे झाले की त्याच्या तोंडात एक महत्त्वाचा बदल होतो आणि बहुतेक घरांत तो कोणाच्या लक्षातही येत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, हिरडीतून एक नवी दाढ वर येते. तिच्यासाठी दुधाचा कोणताही दात पडत नाही, त्यामुळे तीही दुधाचीच असावी असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती कायमची पहिली दाढ असते आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत येणारे दात तिच्या आधारानेच रांगेत बसायचे असतात. याच सुमारास पटाशीचे दात हलू लागतात, आजी पडलेला दात कौलावर फेकायला लावते आणि सातव्या-आठव्या वर्षापर्यंत दुधाचे व कायमचे अशा दोन्ही दातांनी भरलेले तोंड दिसू लागते. दोन्ही जबडे एकमेकांवर कसे बसतात, पुढच्या दातांना जागा पुरेल की नाही, एखादा दात वाट चुकला आहे का, याचा अंदाज जाणकाराला या वयात प्रथम बांधता येतो. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स ही वेडेवाकडे दात आणि जबडे सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची संस्था पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करून घेण्याची शिफारस करते, ती याच कारणाने.

सातव्या वर्षी तपासणी करावी म्हणजे सातव्या वर्षी तारा लावाव्यात, असा या शिफारशीचा अर्थ अनेकदा काढला जातो आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. तपासलेल्या मुलांपैकी बहुतेकांना ‘वर्षभराने पुन्हा दाखवा’ एवढेच सांगून घरी पाठवणे योग्य असते. थोड्या मुलांना मात्र त्याच वयात उपचार लागतो, कारण पुढे तोच उपचार अवघड होतो किंवा होतच नाही. आमच्या घरी दोन्ही प्रकार झाले. थोरलीला आठव्या वर्षी उपचार करावा लागला. धाकट्याला काहीच लागले नाही, जरी एका दवाखान्यात त्याच्यासाठी तारांचे अंदाजपत्रक तयार होते. पालकाने आधी काय पाहावे, डॉक्टरांना काय विचारावे आणि उपचार सुरू झाल्यावर घरी काय करावे, हे त्या अनुभवातून आणि त्या निमित्ताने केलेल्या वाचनातून जसे उमगले तसे येथे मांडत आहे.

घरी काय पाहावे

सकाळच्या उजेडात मुलाला खिडकीसमोर बसवावे. स्वच्छ धुतलेला स्टीलचा चमचा घेऊन त्याच्या दांड्याने गाल हळूच बाजूला सारावा आणि मोबाइलची बॅटरी दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावी. प्रथम दात मोजावेत. दोन पुढच्या दातांच्या मधल्या रेषेपासून मागे मोजत गेल्यास सहावी येणारी दाढ ही कायमची असते. ती चारही बाजूंना आली आहे का, तिच्या खाचांत काळे डाग आहेत का, हे पाहून ठेवावे. उजवीकडे एखादा दात उगवून सहा महिने झाले आणि डावीकडचा त्याचा जोडीदार अजून दिसत नसेल, तर तेवढ्या कारणानेही दंतवैद्यांकडे जावे. वाटेत एखादा जादा दात आडवा आलेला असू शकतो किंवा तो दात मुळातच तयार झालेला नसतो.

त्यानंतर दातांची मिटणी पाहायची. मुलाला नुसते ‘दात चाव’ म्हटले की ते समोरचे दात एकमेकांना टेकवून दाखवते आणि पाहणाऱ्याची फसगत होते. त्याऐवजी जिभेचे टोक टाळूला जमेल तितके मागे लावून आवंढा गिळायला आणि मग सावकाश दाढा मिटायला सांगावे. डब्याचे झाकण जसे डब्याच्या काठाबाहेरून बसते, तशी वरच्या दातांची कमान खालच्या कमानीच्या किंचित बाहेरून बसायला हवी, समोरही आणि दोन्ही गालांकडच्या बाजूंनाही. एखाद्या बाजूला खालच्या दाढा वरच्या दाढांच्या बाहेर गेल्या असतील, तर झाकण त्या बाजूने आत पडले आहे असे समजावे. डॉक्टर याला क्रॉसबाइट म्हणतात.

या पाहणीत सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे हनुवटीचा प्रवास. तोंड मिटत असताना दात प्रथम जेथे टेकतात, तेथून हनुवटी एका बाजूला सरकून मग पूर्ण मिटते का, हे समोर बसून दोन-तीन वेळा पाहावे. आमच्या थोरलीची हनुवटी डावीकडे दोन-तीन मिलिमीटर सरकत असे. फोटोत तिचा चेहरा जरा तिरका येतो असे आम्ही कितीदा म्हटले होते, पण त्याचा संबंध दाढांशी असेल हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते.

रात्री मूल झोपल्यावर एकदा पाहून घ्यावे. तोंड उघडे ठेवून झोपणे आणि रोजचे घोरणे ही लक्षणे असतील, तर दातांच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, कारण नाकामागच्या गाठी वाढल्या असल्यास श्वासाचा तो प्रश्न आधी हाताळावा लागतो. दर सहा महिन्यांनी समोरून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक असे तीन फोटो काढून तारखेसह जपून ठेवावेत. डॉक्टरांना अशा फोटोंतून बराच बोध होतो.

थांबता येण्यासारख्या गोष्टी

पालकांना सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या गोष्टी बहुधा सर्वांत निरुपद्रवी असतात. आठव्या ते अकराव्या वर्षांच्या दरम्यान वरच्या पुढच्या दातांमध्ये फट पडते आणि दात पंख्यासारखे बाहेरच्या बाजूला झुकतात. दंतवैद्यकात या अवस्थेला ‘कुरूप बदका’चेच नाव आहे. हिरडीच्या वर दडलेले सुळे खाली उतरताना शेजारच्या दातांच्या मुळांना रेटत असतात म्हणून हे घडते, आणि सुळे आपल्या जागी आले की फट बहुधा आपोआप मिटते. आमच्या धाकट्याला आठव्या वर्षी नेमके हेच झाले होते. एका दवाखान्यात, लगेच ठरवल्यास सवलत देऊ असे सांगून, पुढच्या चार दातांना तारा बसवण्याचा सल्ला मिळाला. दुसऱ्या डॉक्टरांनी ओपीजी, म्हणजे सगळे दात एका पट्टीत दाखवणारा एक्स-रे, खिडकीकडे धरून सुळ्यांची टोके मुळांना कशी टेकली आहेत ते बोट ठेवून दाखवले आणि अशा वेळी दात जबरदस्तीने जवळ आणले तर मुळांनाच इजा होण्याचा धोका असतो, हे समजावले. तो आता बारा वर्षांचा आहे आणि फट उरलेली नाही. फट फारच रुंद असली किंवा सुळे येऊनही ती तशीच राहिली, तर मात्र तपासून घ्यावी.

खालचे कायमचे पटाशीचे दात दुधाच्या दातांच्या मागून उगवून दोन रांगा दिसू लागल्या, तरी घाबरण्याचे कारण नसते. दुधाचा दात हलत असेल तर तो पडतो आणि जीभ नव्या दाताला हळूहळू पुढे ढकलते. तो दोनेक महिन्यांत हललाच नाही, तर दंतवैद्यांकडून काढून घ्यावा. एवढ्यावर काम भागते. खालच्या पुढच्या दातांत एक-दोन मिलिमीटरची दाटी असणे हेही या वयात नेहमीचेच असून ती पुष्कळदा वाढीबरोबर कमी होते.

वरचे दात पुढे आलेले असणे हा प्रश्न जरा वेगळा आहे. मूल दहाव्या वर्षाच्या आत असताना एकदा आणि वाढत्या वयात पुन्हा असा दोन टप्प्यांचा उपचार करावा, की बाराव्या वर्षाच्या आसपास एकदाच करावा, यावर चांगल्या प्रतीचे अभ्यास झाले आहेत. लवकर सुरू केल्याने दातांची अंतिम ठेवण अधिक चांगली होते असे त्यांत आढळलेले नाही. पुढचे दात पडून-आपटून तुटण्याचे प्रमाण मात्र लवकर उपचार झालेल्या मुलांत कमी दिसले. त्यामुळे दात बरेच पुढे असतील, ओठ त्यांच्यावर मिटत नसतील आणि मूल दिवसभर सायकलवर किंवा खो-खोच्या मैदानावर असेल, तर लवकर उपचाराचा विचार जरूर करावा. शाळेत दातांवरून चिडवले जात असल्याने मूल हसायचे थांबले असेल, तर तेही कारण मी कमी मानणार नाही. एरवी खालचा जबडा पुढे आणणारी ट्विन ब्लॉकसारखी उपकरणे वाढीच्या उसळीच्या काळात, म्हणजे मुलींना साधारण दहा ते तेरा आणि मुलांना बारा ते चौदा या वयात, अधिक उपयोगी पडतात.

ज्या गोष्टींसाठी थांबू नये

यात पहिला क्रमांक मी दुधाच्या दाढेला देतो, कारण तिच्या बाबतीत चूक आमच्याकडूनच झाली. थोरली सहा वर्षांची असताना तिची खालची एक दाढ किडली. ‘दुधाचीच आहे, आज ना उद्या पडणारच आहे’ असे म्हणून आम्ही ती काढू दिली आणि रिकाम्या जागेचे पुढे काय, हे त्या दवाखान्यात कोणी सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही. दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत उपदाढांसाठी, म्हणजे त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या लहान दाढांसाठी, जागा धरून बसलेल्या असतात. त्या वेळेआधी गेल्या की मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि उपदाढेची वाट बंद होते. वर्षभरात आमच्या मुलीची ती जागा निम्मी झाली होती.

म्हणून दुधाची दाढ किडली तर शक्य तोवर ती भरून, गरज पडल्यास तिच्या नसेवर उपचार करून वाचवावी. काढावीच लागली, तर त्याच भेटीत स्पेस मेन्टेनरबद्दल विचारावे. शेजारच्या दाढेभोवती बसवलेली धातूची एक पट्टी आणि तिला जोडलेला तारेचा फास, एवढेच हे साधन असते. तो फास पुढच्या दाताला टेकून जागा धरून ठेवतो. दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या असतील, तर दातांच्या आतल्या बाजूने फिरणारी एक अखंड तार बसवतात. दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा थोड्या रुंद असतात, त्यामुळे खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला सरासरी १.७ मिलिमीटर आणि वरच्या जबड्यात ०.९ मिलिमीटर जागा शिल्लक पडते. ही जागा योग्य वेळी राखली तर पुढच्या दातांची बरीचशी दाटी तिच्यातच सामावते, आणि पुढे चांगले दात काढण्याची वेळ कधी कधी टळते.

दुसरी गोष्ट क्रॉसबाइटची. एका बाजूचा क्रॉसबाइट आणि त्याबरोबर सरकणारी हनुवटी ही जोडी आढळली, तर उपचार लवकर करावा असे बहुतेक तज्ज्ञ सांगतात. जबडा रोज हजारो वेळा एका बाजूला सरकून मिटत राहिला, तर वाढही त्या तिरक्या घडीत होत जाते. वरचा जबडा रुंद करणे या वयात सोपे असते, कारण टाळूच्या मधोमध असलेली हाडांची शिवण अजून पक्की झालेली नसते. ती पौगंडावस्थेनंतर घट्ट होत जाते, आणि मोठ्या माणसात त्याच कामासाठी हाडात स्क्रू बसवावे लागतात किंवा शस्त्रक्रिया करावी लागते.

पुढचा एखादा वरचा दात खालच्या दाताच्या आत अडकला असेल, तर तोही लवकर सोडवावा. अशा वेळी खालच्या दातावर चुकीच्या दिशेने जोर येऊन त्याची हिरडी खाली उतरू लागते. एक-दोन दातांचाच प्रश्न असेल, तर स्प्रिंग असलेल्या काढत्या-घालत्या प्लेटने तो थोड्या महिन्यांत सुटू शकतो. संपूर्ण खालचा जबडाच पुढे दिसत असेल आणि वरचा जबडा मागे पडला असेल, तर प्रश्न मोठा असतो. त्यासाठी कपाळ आणि हनुवटीचा आधार घेऊन रबरांच्या साहाय्याने वरचा जबडा पुढे ओढणारा फेसमास्क दिवसाचे बारा-चौदा तास, मुख्यतः संध्याकाळी आणि रात्री, लावावा लागतो. त्याचा परिणाम दहा वर्षांच्या आत चांगला मिळतो. घराण्यातच असा जबडा असेल तर पुढे वाढीच्या काळात तो पुन्हा डोके वर काढू शकतो, आणि वाढ थांबल्यावर शस्त्रक्रियाही लागू शकते. हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितले पाहिजे; न सांगितल्यास आपण विचारावे.

अंगठा चोखण्याची सवय चौथ्या वर्षापर्यंत असली तर तिचा बाऊ करू नये. कायमचे पुढचे दात येण्याच्या आत ती सुटली, की वरच्या-खालच्या दातांमध्ये पडलेली मोकळी खिडकी पुष्कळदा आपोआप मिटते. सहाव्या-सातव्या वर्षीही अंगठा तोंडात असेल तर मात्र सवय सोडवावी लागते. रागावणे आणि चारचौघांत टोचून बोलणे यांचा उलटा परिणाम होतो, आणि अंगठ्याला कडुनिंबाचा रस लावण्याचा घरगुती उपायही मुलाची स्वतःची तयारी नसेल तर त्याला शिक्षेसारखाच वाटतो. अंगठा नेमका केव्हा तोंडात जातो ते आठवडाभर टिपून ठेवावे: टीव्हीसमोर, गाडीत, की झोप लागताना. त्या वेळी हाताला दुसरे काम द्यावे, रात्री हातात सुती मोजा घालावा आणि अंगठा न चोखलेल्या रात्रीसाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलालाच टिकली लावू द्यावी. हे करूनही सवय सुटली नाही आणि मुलाची इच्छा असेल, तर टाळूवर बसणारी तारेची जाळी वापरतात. अंगठ्याला टाळू लागत नाही, म्हणून चोखण्यातली मजा जाते.

सुळ्यांकडे पाहण्याची वेळ दहाव्या वर्षाच्या आसपास येते. वरच्या ओठाच्या आत, हिरडीच्या उंच भागावर करंगळी फिरवली तर दोन्ही बाजूंना सुळ्याचा फुगवटा हाताला लागायला हवा. एकीकडे लागला आणि दुसरीकडे लागला नाही, तर एक्स-रे काढावा, कारण सुळा टाळूच्या दिशेने भरकटलेला असू शकतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका अभ्यासात, दहा ते तेरा वर्षांच्या मुलांचा दुधाचा सुळा काढल्यानंतर असे भरकटलेले ४६ पैकी ३६ कायमचे सुळे सरळ वाटेला लागल्याचे आढळले होते. हे वय हुकल्यास तोच सुळा शस्त्रक्रियेने उघडा करून तारेने महिनोन्‌महिने ओढावा लागतो.

डॉक्टर आणि पहिली भेट

या कामाचे तज्ज्ञ म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट. बीडीएसची पाच वर्षे झाल्यावर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तीन वर्षांचे एमडीएस केलेल्या दंतवैद्यांना ही पदवी असते. मुलांच्या दंतवैद्यांचे, म्हणजे पेडोडॉन्टिस्टांचे, एमडीएस वेगळे असते आणि जागा राखणे, सवय सोडवणे यांसारखी कामे तेही उत्तम करतात. पाटीवर ‘येथे तारा बसवून मिळतील’ असे लिहिलेले असले, तरी उपचार प्रत्यक्ष कोण करणार आणि त्यांची पदवी कोणती, हे सभ्यपणे विचारण्यात गैर काही नाही. खर्चाची अडचण असेल तर मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, तसेच गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे हे विभाग आहेत. तेथे शुल्क खाजगी दवाखान्यांपेक्षा पुष्कळ कमी असते. वेळ आणि फेऱ्या मात्र जास्त लागतात, शिवाय अनेकदा उपचार करणारे पदव्युत्तर विद्यार्थी मध्येच बदलतात.

पहिल्या भेटीत ओपीजी काढायला सांगितला तर नकार देऊ नये. त्यातील किरणांचे प्रमाण आपल्याला काही दिवसांत निसर्गतः मिळणाऱ्या किरणांइतकेच असते. मात्र डॉक्टरांनी तोंडात पाहण्याआधीच स्वागतकक्षातून सगळ्या एक्स-रेंची यादी हाती आली, तर कारण विचारावे.

आमच्या मते विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा: ‘डॉक्टर, हे आत्ता केले नाही आणि बाराव्या वर्षी केले, तर नेमके काय बिघडेल?’ ज्या डॉक्टरांनी थोरलीसाठी उपचार सुचवला, त्यांनी या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर दिले: शिवण घट्ट होईल आणि जबड्याची वाढ तिरकी होईल. धाकट्यासाठी तारा सुचवणाऱ्यांकडे ‘लवकर केलेले केव्हाही चांगले’ याखेरीज उत्तर नव्हते. त्यानंतर या टप्प्याला किती महिने लागतील, बारा-तेराव्या वर्षी दुसरा टप्पा लागण्याची शक्यता किती आणि सांगितलेल्या रकमेत तो धरला आहे का, हे विचारावे. लवकरचा उपचार केला म्हणजे पुढे तारा लागणारच नाहीत, अशी हमी कोणी देत असेल तर सावध व्हावे. दातांचे माप न घेता सर्वांना एकच बसतील असे सिलिकॉनचे ‘ट्रेनर’ हल्ली इंटरनेटवरून घरपोच मिळतात. त्यांच्या परिणामांचा पुरावा तोकडा आहे, आणि तपासणीशिवाय ते मुलाच्या तोंडात घालणे मला मुळीच पटत नाही.

चावी फिरवण्याचे दिवस

थोरलीला टाळूवर एक्स्पांडर, म्हणजे वरचा जबडा रुंद करणारे उपकरण, बसवला गेला. दोन्ही बाजूंच्या दाढांना चिकटवलेला धातूचा सांगाडा आणि त्याच्या मधोमध एक बारीक स्क्रू, असे त्याचे स्वरूप असते. स्क्रूला भोवताली भोके असतात आणि त्यांतले एक समोर दिसते. त्यात तारेची चावी घालून ती घशाच्या दिशेने ढकलली की स्क्रू पाव वेढा फिरतो, जबडा साधारण पाव मिलिमीटर रुंदावतो आणि पुढचे भोक समोर येते. हे काम माझ्याकडे आले, कारण घड्याळे उघडून दुरुस्त करण्याची हौस घरात मलाच आहे. तरीही पहिल्या रात्री माझा हात थरथरत होता आणि मुलगी अगदी शांत होती.

करायचे ते असे. रात्रीच्या जेवणानंतर दात घासून झाले की मुलाला पलंगावर उताणे झोपवून मान मागे झुकवावी. चावीला मजबूत दोरा बांधून तो आपल्या मनगटाला गुंडाळावा, म्हणजे ती निसटली तरी घशात जाणार नाही. चावी भोकात पूर्ण बसल्याची खात्री करून एकाच सलग हालचालीत मागे ढकलावी आणि पुढचे भोक स्पष्ट दिसल्यावरच बाहेर काढावी. काढताना ती सरळ ओढली तर स्क्रू उलटा फिरून केलेले काम वाया जाते. म्हणून ती मागच्या बाजूनेच, घशाकडे किंचित झुकवत सोडवावी. चावी फिरवताच नाकाच्या मुळाशी आणि पुढच्या दातांत दाब जाणवतो आणि काही मिनिटांत ओसरतो. प्रत्येक वेढ्याची फुली कालनिर्णयवर मारावी, कारण ‘आज फिरवली होती का’ हा वाद आठवड्यात एकदा तरी होतोच. विसरलेला वेढा दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मनाने दुप्पट करून भरून काढू नये. दिवसाला किती वेढे आणि एकूण किती दिवस, हे डॉक्टर ठरवतात. आम्हाला दिवसाला एक, असे तीन आठवडे सांगितले होते. काढत्या-घालत्या प्लेटचा स्क्रू मात्र आठवड्यातून एक-दोनदाच फिरवतात.

दहाव्या दिवसाच्या सुमारास वरच्या दोन पुढच्या दातांत चांगली ठसठशीत फट पडते. हे आधी माहीत नसेल तर पालक हबकतात. शिवण उघडत असल्याची ती खूण असते आणि पुढच्या काही महिन्यांत ती फट आपोआप भरत येते. वेढे संपल्यावरही एक्स्पांडर काही महिने तसाच ठेवावा लागतो, कारण उघडलेल्या शिवणीत नवे हाड भरायला वेळ लागतो.

पहिला आठवडा बोलण्याचा जातो. मराठीतील ट, ठ, ड आणि ळ हे उच्चार जीभ टाळूला लावून करावे लागतात आणि टाळूवर तर सांगाडा बसलेला असतो. आमच्या मुलीचे ‘बाळ’ आणि ‘टाळी’ हे शब्द चार-पाच दिवस ओळखू येत नव्हते. रोज पंधरा मिनिटे बालभारतीच्या पुस्तकातील धडा मोठ्याने वाचायला लावल्यावर आठवड्याभरात उच्चार बरेच सुधारले. शाळेत बाईंना आधी एक चिठ्ठी पाठवावी, म्हणजे वर्गात मोठ्याने वाचण्याची पाळी आल्यावर मूल अडचणीत येत नाही.

खाण्याचे पथ्य सोपे आहे, सणांच्या दिवसांत मात्र ते अवघड होते. पहिले दोन-तीन दिवस मऊ खिचडी, आमटी-भात, दूध-पोळी कुस्करून द्यावी. त्यानंतर नेहमीचे जेवण चालते. फक्त चिक्की, तिळाची कडक वडी, ऊस, भाजलेले कणीस, कडक चकली आणि चिकट टॉफी टाळावी. सांगाडा आणि टाळू यांच्यामधल्या फटीत शेवया आणि कोथिंबिरीची पाने हटकून अडकतात. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने प्रत्येक जेवणानंतर तेथे पाण्याची धार मारावी. फ्लोराइड असलेली पेस्ट मटारच्या दाण्याएवढी घेऊन, निदान रात्रीचे घासणे मोठ्या माणसाने स्वतः करावे. अशा उपकरणांभोवती अन्न साचते आणि कायमच्या दाढेवर पांढुरके डाग पडू लागतात. कीड लागण्याची ती सुरुवात असते. एखादी पट्टी सुटून हलू लागली तर घरच्या गोंदाचे प्रयोग करू नयेत आणि त्याच दिवशी दवाखान्यात फोन करावा.

मधला काळ

हा टप्पा आटोपल्यावर दुसरा टप्पा लागेपर्यंत दोन-तीन वर्षे जातात आणि बहुतेक घरांत याच काळात हयगय होते. मिळवलेली रुंदी टिकावी म्हणून रात्री घालण्याचा रिटेनर दिला असेल, तर तो न घातल्याने दात किती भरभर परततात याची कल्पना करता येत नाही. जेवताना काढलेला रिटेनर कागदी रुमालात गुंडाळला की तो उष्ट्याबरोबर कचऱ्यात जातो. त्यासाठी त्याची स्वतःची डबी दप्तरात कायम ठेवावी आणि तो गरम पाण्याने कधीही धुऊ नये, कारण प्लास्टिकचा आकार बदलतो. दर सहा महिन्यांनी तपासणीला जावे, म्हणजे दुधाचे दात ज्या क्रमाने पडायला हवेत त्या क्रमाने पडत आहेत की नाहीत, हे पाहिले जाते. दाटी फारच असेल तर काही मुलांत डॉक्टर दुधाचे दात ठरावीक क्रमाने काढून कायमच्या दातांना वाट करून देतात. हा निर्णय पुढे उपदाढा काढण्यापर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे त्याआधी दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टांचे मत अवश्य घ्यावे.

ओपीजीची प्रत, उपचारापूर्वीचे फोटो, दातांचे प्लास्टरचे साचे किंवा त्यांची संगणकीय फाइल, आणि कोणते उपकरण कोणत्या तारखेला बसवले व काढले याची नोंद हे सारे डॉक्टरांकडून मागून एका पाकिटात ठेवावे. आमची बदली झाल्यामुळे थोरलीचा दुसरा टप्पा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरांकडे सुरू झाला, आणि त्यांनी पहिल्याच भेटीत ते पाकीट मागितले.